पातळी वर ओढली की पाणी खाली का जातं? पायगेमचा प्रोग्राम पिग्लेटमध्ये नेताना

प्रश्न पलूस तालुक्यातल्या एका शाळेत शिकवणाऱ्या सरांचा आहे. त्यांनी प्रदर्शनासाठी मुलांना सोबत घेऊन पायथॉनमध्ये कृष्णेच्या पुराचा देखावा तयार केला. डावीकडे सांगलीच्या आयर्विन पुलाची मोजपट्टी, फुटांत. उजवीकडे शहराचा नकाशा. पट्टीवरची खूण माउसने वर ओढली की पाणी चढतं आणि नकाशातला सखल भाग निळा होत जातो. पायगेममध्ये (पायथॉनमध्ये खेळ आणि हलती चित्रं करायची एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच) सगळं चालत होतं, फक्त मोठा नकाशा झूम करताना अडखळायचा, म्हणून त्यांनी प्रोग्राम पिग्लेट या तशाच दुसऱ्या लायब्ररीत आणला. आता चित्र झकास पळतं, पण हाताळणी बिघडली आहे. खूण ओढता येत नाही, कशीबशी ओढली तर पाणी उलटं जातं. उजवं बटण काहीच करत नाही. बाणाची की दाबून ठेवली तरी पातळी एकच पायरी सरकते. एस्केप दाबल्यावर मेनू बंद व्हायचा, तर आता अख्खी खिडकी बंद होते. गावाचं नाव मराठीत लिहायच्या चौकटीत भलतंच काहीतरी उमटतं. सरांनी विचारलंय की पायगेमच्या कुठल्या इव्हेंटला (की दाबली, माउस हलला अशा घटनेच्या निरोपाला) पिग्लेटमध्ये काय म्हणतात, त्याची यादी मिळेल का.

सर, यादी हातात असूनही तुम्ही इथवर आलात, असा माझा अंदाज आहे. नावं तुम्ही बरोबर बदललेली दिसतात. दोन लायब्रऱ्यांत नावांपेक्षा रीत वेगळी आहे, आणि तुमच्या सहापैकी निदान चार तक्रारी त्या रीतीतून आल्यात.

पायगेममध्ये इव्हेंट रांगेत साचतात आणि तुमचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा कोड, दर फेरीला जाऊन ती रांग रिकामी करतो. म्हणजे पोस्टात जाऊन "माझं काही आलंय का" असं आपण विचारतो. सवडीनं विचारतो, पण विचारावं लागतंच. बराच वेळ कुणी फिरकलंच नाही तर विंडोज ती खिडकी "प्रतिसाद देत नाही" म्हणून पांढरी करून टाकतं. पिग्लेटमध्ये पोस्टमन दारात येतो. लूप तुम्ही पिग्लेटच्या ताब्यात दिलेला असतो. की दाबली, माउस हलला की तो तुमचं ठरलेलं फंक्शन (त्याला हँडलर म्हणतात) बोलावतो. त्या फेरीत तुमचं पाण्याचं गणित झालंय की राहिलंय, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

यातून एक बारीक फरक पडतो. पायगेममध्ये "आधी सगळे इव्हेंट, मग हिशेब, मग चित्र" हा क्रम तुमच्या लूपमध्येच लिहिलेला होता. पिग्लेटमध्ये तो कुठेच लिहिलेला नाही. तुम्ही लूपमधला प्रत्येक तुकडा उचलून त्या त्या हँडलरमध्ये ठेवलात, म्हणजे खूण ओढल्याचा निरोप आला की तिथल्या तिथे नकाशाचा निळा भाग पुन्हा मोजायचा. आता साधा यूएसबी माउस सेकंदाला साधारण 125 वेळा आपली जागा कळवतो आणि पडदा 60 वेळा रंगतो. म्हणजे एका चित्रामागे दोनदा नकाशा मोजला जातो आणि त्यातला एक हिशेब कुणी बघतही नाही. पायगेममध्ये तुम्ही बहुधा फेरीला एकदाच माउसची जागा विचारत असाल, त्यामुळे हा खर्च तिथे दिसला नाही.

काही जण यावर तोडगा म्हणून पिग्लेटमध्येही स्वतःचा अखंड लूप लिहितात आणि त्यात हातानं इव्हेंट वाटतात. तसं करता येतं. पण मग घड्याळालाही हातानं टिकटिक करायला लावावी लागते. ती विसरली की वेळापत्रकावर टाकलेली फंक्शनं गपचूप बंद पडतात. मी त्या वाटेला जात नाही.

मी काय करतो ते सांगतो. गावाला वेस असते. बाहेरून येणारं सगळं वेशीतून येतं. तसं प्रोग्रामला एकच दार ठेवायचं. लायब्ररीचे इव्हेंट फक्त तिथे ओळखायचे आणि आत पाठवताना त्यांचं आपल्या भाषेत रूपांतर करायचं. तुमच्या देखाव्याला माणसाच्या हातून नेमकं काय काय हवंय? मी मोजलं तर आठच गोष्टी निघाल्या: पातळी_ठेव, पातळी_सरक, नकाशा_सरक, झूम, ठिकाण_विचार, मजकूर_आला, अक्षर_पूस, मागे_जा. (ही नावं अशीच्या अशी कोडमध्ये लिहिता येतात. पायथॉन 3 मध्ये देवनागरी नावं चालतात आणि मुलांना ती फार आवडतात.) वेशीवरचा कोड एवढंच करतो: आलेला इव्हेंट या आठांपैकी कशात बसतो ते ठरवतो आणि तो आपल्या स्वतःच्या रांगेत टाकतो. पाण्याचा हिशेब करणारं फंक्शन दर फेरीला ती रांग रिकामी करतं. झाला की तुमचा जुना क्रम परत जागेवर: आधी सगळे निरोप, मग हिशेब, मग चित्र. आणि रांग रिकामी करताना एकापाठोपाठ आलेले पातळी_ठेव असतील तर शेवटचा तेवढा ठेवून बाकीचे सोडून द्यायचे. नकाशा_सरकला मात्र तसं करू नका. ते अंतर असतं, त्यांची बेरीज करायची. नाहीतर नकाशा बोटामागे रेंगाळतो.

एक नियम कडक पाळा: वेशीच्या आत पिक्सेल येऊ द्यायचा नाही. पातळी_ठेव सोबत फूट पाठवा, ठिकाण_विचार सोबत नकाशावरची जागा. पिक्सेलचा फुटांशी लावायचा हिशेब वेशीवरच संपला पाहिजे. याचं कारण पुढे "पाणी उलटं का" या मुद्द्यात कळेल.

आणि हे सगळं पिग्लेटला हात लावण्याआधी, चालू असलेल्या पायगेमच्या प्रोग्रामात करा. यात लोक हमखास चुकतात. वेस आणि लायब्ररी दोन्ही एकदम बदललं की बिघाड कशानं झाला ते कळत नाही. आधी जुन्या घरात वेस बांधा, सगळं पहिल्यासारखं चालतंय याची खात्री करा, मग फक्त वेशीवरचा माणूस बदला.

आता तुमच्या तक्रारी.

पाणी उलटं का? पायगेममध्ये शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि खाली जाल तसा उभा आकडा वाढतो. पिग्लेटमध्ये शून्य खालच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि आकडा वर वाढतो, आपल्या आयर्विन पुलावरच्या मोजपट्टीसारखा. म्हणजे पूर दाखवायला पिग्लेटच सोयीचा. पण तुमच्या जुन्या कोडमध्ये "वर म्हणजे वजा" हे कुठेतरी, बहुतेक तीन-चार ठिकाणी, लिहिलेलं असणार. त्यातलं चित्राचं तुम्ही बदललंत, माउसचं राहिलं. फूट वेशीवरच काढलेत तर हा फरक एका ओळीत उरतो: पायगेमला पट्टीच्या तळातून माउसचा आकडा वजा करायचा, पिग्लेटला माउसच्या आकड्यातून पट्टीचा तळ. खिडकीभरचा उभा आकडा उलटवायची वेळ आलीच तर उंचीतून तो वजा करून आणखी 1 वजा करा. 600 पिक्सेल उंचीच्या खिडकीत सगळ्यात वरची ओळ 599 असते, 600 नव्हे. पाण्याच्या पातळीला एका पिक्सेलनं फरक पडत नाही, पण नकाशाच्या अगदी काठावरच्या चौकोनावर क्लिक लागत नाही म्हणून मी एकदा अर्धा दिवस घालवलाय. उंचीही दर वेळी खिडकीलाच विचारा. सुरुवातीला एकदा घेऊन ठेवलेली उंची खिडकी मोठी केल्यावर खोटी ठरते.

माउस किती हलला, हा आकडाही असाच उलटतो. चाक मात्र उलटवू नका. पायगेम 2 मधला चाकाचा इव्हेंट आणि पिग्लेटचा स्क्रोल, दोन्हीकडे चाक वर फिरवलं की आकडा धनच येतो. सगळं उलटवायच्या भरात लोक चाकालाही उणे चिन्ह लावतात आणि झूम उलटा होतो.

खूण ओढता येत नाही, कारण पायगेममध्ये माउस हलण्याचा इव्हेंट एकच आहे; बटण दाबलेलं आहे की नाही ही माहिती त्याच्या पोटात असते. पिग्लेटमध्ये दोन वेगळे हँडलर आहेत. बटण मोकळं असताना ऑन माउस मोशन, दाबलेलं असताना ऑन माउस ड्रॅग. बटण दाबल्याक्षणी मोशनचे निरोप थांबतात. तुम्ही सगळं मोशनमध्ये ठेवलंय, म्हणून ओढायला लागलात की शांतता. दोन्ही हँडलरांनी वेशीवरच्या एकाच फंक्शनला बोलवावं, म्हणजे माउसखालची जागा दाखवणारा ठिपकाही ओढताना गोठणार नाही.

उजव्या बटणाचं सोपं आहे. पायगेममध्ये डावं 1, मधलं 2, उजवं 3. पिग्लेटमध्ये डावं 1, मधलं 2, उजवं 4. डावं आणि मधलं जुळतं म्हणून कुणाला शंकाच येत नाही. हे 4 असायचं कारण असं, की ओढताना कुठली कुठली बटणं दाबलीत ती सगळी एकाच आकड्यात बेरजेनं येतात. 3 म्हणजे तिथे "डावं आणि मधलं दोन्ही". आकडे लिहूच नका, लायब्ररीनं दिलेली नावं लिहा.

कीचंही तसंच, आणि तिथे फसगत जास्त गोड आहे. इंग्रजी अक्षरांच्या कींचे आकडे दोन्हीकडे सारखेच आहेत, ए म्हणजे 97. त्यामुळे कुणी कीची मांडणी फाईलमध्ये आकड्यांनी जपून ठेवली असेल तर अक्षरं चालतात आणि बाण चालत नाहीत. डावा बाण पायगेम 2 मध्ये 1073741904 आहे, पिग्लेटमध्ये 65361. जुन्या पायगेम 1 मध्ये तो 276 होता. फाईलमध्ये कीचं नाव लिहा किंवा त्याहून बरं, थेट "पातळी_सरक वर" असा हेतू लिहा.

बाण दाबून ठेवल्यावर एकच पायरी का? पिग्लेटमध्ये की दाबल्याचा निरोप एकदाच येतो, सोडल्याचा एकदाच. मधल्या वेळेत काय करायचं ते तुम्ही ठरवायचं. पायगेमही मुळात असाच वागतो. तिथे तुम्ही एकतर की-रिपीट (दाबून ठेवलेल्या कीचा निरोप पुन्हा पुन्हा येणं) चालू केला असेल किंवा दर फेरीला "कुठल्या की दाबलेल्या आहेत" असं विचारत असाल. पिग्लेटमध्ये यासाठी की-स्टेट हँडलर नावाची तयार पाटी मिळते; ती खिडकीला जोडा आणि दर फेरीच्या फंक्शनात तिच्याकडे बघा. इथे वेळेचा सांधा जपा. पायगेमचं घड्याळ गेलेला वेळ मिलिसेकंदात सांगतं, पिग्लेट तुमच्या फंक्शनला तो सेकंदात देतो. जुनं सूत्र तसंच ठेवलंत तर पाणी हजारपट सावकाश चढेल आणि तुम्हाला वाटेल की कीच चालत नाही.

एक गोष्ट या पाटीबद्दल कुणी सांगत नाही. बाण दाबलेला असताना कुणी ऑल्ट-टॅब करून दुसऱ्या खिडकीत गेलं, तर सोडल्याचा निरोप तुमच्यापर्यंत येईलच असा भरवसा धरू नका. परत येऊन बघावं तर पाणी आपोआप चढतंय. खिडकीचा फोकस गेल्याचा इव्हेंट पिग्लेटमध्ये ऑन डीॲक्टिव्हेट या नावानं येतो. त्यात पाटी पुसून टाका. मुलं प्रदर्शनात हे पहिल्या पाच मिनिटांत करून दाखवतील.

कंट्रोल, शिफ्ट तपासताना "बरोबर आहे का" असं विचारू नका, "त्यात आहे का" असं विचारा. म्हणजे दोन बरोबर चिन्हं नव्हेत, तर बिटवाइज ॲंड (& हे चिन्ह). हे मी स्वतः भोगलंय. मिरजेत एका कार्यक्रमात दाखवायचा प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर महिनाभर चालला आणि तिथल्या डेस्कटॉपवर कंट्रोलचा एकही शॉर्टकट चालेना. कीबोर्ड बदलला, केबल बदलली, माणसं जमायला लागली. शेवटी लक्षात आलं की त्या कीबोर्डवर नम लॉकचा दिवा लागलेला आहे. नम लॉक आणि कॅप्स लॉकसुद्धा त्याच आकड्यात मिसळून येतात, त्यामुळे "फक्त कंट्रोल" कधीच बरोबर ठरत नव्हतं. माझ्या लॅपटॉपला नम लॉक नव्हताच.

एस्केपचं असं: पिग्लेटच्या खिडकीला मुळातच एक सवय आहे, एस्केप आला की बंद व्हायचं. तुम्ही खिडकीचा स्वतःचा सबक्लास करून त्यात की दाबल्याचा हँडलर लिहिलात तर तो मूळ हँडलरची जागा घेतो आणि ही सवय जाते. पण तुम्ही पुश हँडलर्स किंवा विंडो डॉट इव्हेंट वापरलेलं दिसतंय. तिथे हँडलर एकावर एक रचले जातात. वरच्यानं काम केलं तरी निरोप खाली झिरपतो आणि तळाशी बसलेला मूळ हँडलर खिडकी बंद करतो. तुमच्या हँडलरनं एस्केप हाताळल्यावर ट्रू परत द्या, म्हणजे निरोप तिथेच थांबेल. उरलेल्या कींसाठी ट्रू देऊ नका, नाहीतर की-स्टेटची पाटी तुमच्या खाली असेल तर तिला काहीच कळणार नाही. मग बाण पुन्हा बंद, आणि आपण पुन्हा पहिल्या पानावर.

आता मराठी मजकूर. इथे थोडं थांबू, कारण इंग्रजीत काम करणाऱ्यांना हा प्रश्न पडतच नाही, त्यामुळे बाहेरच्या उदाहरणांत तो सापडत नाही. की आणि अक्षर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कीबोर्डवरचं एक बटण दाबलं, ही झाली की. त्यातून काय लिहिलं गेलं, ते ठरवतो लेआउट, म्हणजे कुठल्या कीवर कुठलं अक्षर याची मांडणी. पायगेममध्ये की दाबल्याच्या इव्हेंटमध्येच युनिकोड अक्षरही येतं, त्यामुळे इंग्रजीपुरतं चालून जातं. पिग्लेटच्या की दाबल्याच्या हँडलरमध्ये अक्षर येतच नाही. तुम्ही कीच्या आकड्याचं अक्षर बनवताय, म्हणून भलतंच उमटतं. मजकुरासाठी पिग्लेटमध्ये ऑन टेक्स्ट आहे, पायगेम 2 मध्ये टेक्स्ट इनपुट. लिहिण्यासाठी फक्त तेच ऐका.

पण एक की म्हणजे एक अक्षर, असं तिथेही धरू नका. इनस्क्रिप्ट या देवनागरी लेआउटमध्ये शिफ्ट आणि 5 दाबलं की "ज्ञ" येतो आणि युनिकोडच्या हिशेबात तो तीन तुकड्यांचा आहे: ज, हलन्त, ञ. शिफ्ट-7 चा "क्ष" तसाच. हे तुकडे एका निरोपात येतात की लागोपाठच्या निरोपांत, ते प्रणालीप्रमाणे बदलतं. म्हणून "आलेल्या मजकुराची लांबी 1 असेल तरच घ्या" अशी अट कुठे लिहिली असेल तर काढून टाका. मिळेल ते जोडत जा.

पुसण्याचा निरोप ऑन टेक्स्टमध्ये येत नाही. बॅकस्पेस, बाण, होम, एंड हे ऑन टेक्स्ट मोशनमध्ये येतात, आणि दाबून ठेवलं की तिथे ते पुन्हा पुन्हा येतात, हवं तसंच. एंटर मात्र ऑन टेक्स्टमध्ये नव्या ओळीच्या खुणेच्या रूपात येतो. तो गाळला नाहीत तर "पलूस"च्या पुढे एक अदृश्य अक्षर चिकटतं आणि शोध लागत नाही. पायगेमच्या टेक्स्ट इनपुटमध्ये एंटर येत नाही, त्यामुळे जुन्या कोडमध्ये गाळायची ओळ नसणार. आता अक्षर_पूस म्हणजे किती पुसायचं? यादीतला शेवटचा तुकडा काढलात तर "मिरज"चा ज जातो, ठीक. पण "सांगली" पुसताना आधी फक्त दीर्घ वेलांटी जाते आणि ल उरतो. मला विचाराल तर हेच बरं. लिहिणाऱ्याची चूक बहुतेक वेळा मात्रेत असते, अख्खं अक्षर उडवलं की तो वैतागतो.

मराठी लेआउट चालू असताना अक्षरांच्या कींवर शॉर्टकट ठेवू नका. बाण, फंक्शन की, एस्केप, एवढ्यावर भागवा.

उलट दिशेचाही एक खड्डा सांगून ठेवतो, कारण तुम्ही पायगेमची प्रत जिवंत ठेवणार आहात. पायगेम 2 मध्ये चाक फिरवलं की चाकाचा नवा इव्हेंट येतो आणि जुन्या प्रोग्रामांची सोय म्हणून 4 आणि 5 क्रमांकाचं बटण दाबल्याचा इव्हेंटही येतो. दोन्ही ऐकलेत तर झूम दुप्पट.

वेस बांधून झाली की एक फायदा फुकटात मिळतो. रांगेत जाणारा प्रत्येक हेतू कितव्या फेरीत आला त्याच्यासकट फाईलमध्ये लिहून ठेवा. पायगेमच्या प्रतीवर पातळी 40 फूट या इशारा पातळीच्या पुढे न्या, 45 या धोका पातळीवर थांबा, तिथून 2019 च्या महापुरात पाणी चढलं होतं तशी 57 पर्यंत ओढा, नकाशा सरकवा, दोन गावं शोधा. मग तीच फाईल पिग्लेटच्या प्रतीत, खिडकी न उघडताच, रांगेत ओता. दोन्हीकडे शेवटी पातळी आणि बुडालेल्या चौकोनांची संख्या जुळली तर आतला भाग धड आहे आणि उरलेली चूक वेशीवर आहे. मात्र अशा चाचणीत फेरीचा वेळ ठरावीक धरा, सेकंदाचा साठावा भाग. खरं घड्याळ लावलंत तर बाणानं चढवलेली पातळी दर वेळी थोडी वेगळी येईल.

विंडोजच्या पडद्यावर 125 किंवा 150 टक्के मोठं दाखवणं चालू असेल तर क्लिकची जागा आणि चित्राची जागा जुळते का, तेही एकदा बघून घ्या. शून्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, म्हणजे पिग्लेटमध्ये वरच्या उजव्या कोपऱ्यात, क्लिक केलं की कळतं.

राहिला शाळेतला संगणक. पिग्लेट 2 ला ओपनजीएल 3.3 (ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घ्यायची प्रणाली) लागतं. शाळेच्या प्रयोगशाळेत दहा-बारा वर्षांपूर्वीचे डेस्कटॉप असतील तर ते त्यांच्याकडे असेलच असं नाही, आणि मग इव्हेंट वगैरे दूरच, खिडकीच उघडणार नाही. 1.5 च्या मालिकेला कमी लागतं, पण तिच्यात चित्र काढायच्या काही गोष्टी वेगळ्या आहेत. तेही जमलं नाही तर पायगेमवरच राहून नकाशाच्या चार-पाच आकाराच्या प्रती आधीच तयार करून ठेवणं हा वाईट मार्ग नाही; तुमचा अडखळा बहुधा दर फेरीला मोठं चित्र लहान-मोठं करण्यातच आहे. त्यामुळे पुढचं काही लिहिण्याआधी प्रदर्शनाच्या संगणकावर पिग्लेटची नुसती रिकामी खिडकी उघडून बघा आणि काय झालं ते कळवा.